टॉपस्पिन सर्व्हिससाठी बॅबोलॅट प्युअर एरो : काय देते, काय देत नाही

बॅबोलॅट कंपनीची प्युअर एरो ही टेनिस रॅकेट हातात घेतली की टॉपस्पिन, म्हणजे चेंडूची पुढच्या दिशेनं कोलांट्या खाणारी फिरकी, आपोआप येतो, असा या रॅकेटचा बोलबाला आहे. राफाएल नादाल आणि कार्लोस अल्काराझ ही नावं तिच्याशी जोडलेली असल्यानं तो आणखी पक्का झालाय. फोरहँडच्या बाबतीत त्यात बरंच तथ्य आहे. सर्व्हिसच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे, आणि टॉपस्पिन सर्व्हिस शिकण्यासाठी म्हणून ज्यांना ही रॅकेट घ्यायची आहे त्यांना उरलेलं अर्धं आधी कळायला हवं. म्हणून हे परीक्षण फक्त सर्व्हिसपुरतं आहे. व्हॉली आणि रिटर्नचा विचार इथे केलेला नाही.

विचार केलाय तो २०२३च्या आवृत्तीचा, पिवळ्या फ्रेमचा. डोकं १०० चौरस इंच, लांबी २७ इंच, गटिंगशिवाय (तारा न बसवता) वजन ३०० ग्रॅम, समतोल ३२ सेंटिमीटरवर, गटिंगची रचना १६ उभ्या आणि १९ आडव्या तारांची. फ्रेमची जाडी २३-२६-२३ मिलिमीटर, म्हणजे चांगलीच जाड. गटिंग, ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) आणि डॅम्पनर (तारांचा कंप कमी करणारा रबरी तुकडा) चढल्यावर हातात येणारं वजन ३२० ग्रॅमच्या पुढे जातं. शाळकरी मुलांसाठी रॅकेट घेणाऱ्या पालकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण दुकानात दाखवला जातो तो ३००चा.

आता ही रॅकेट सर्व्हिसला नेमकं काय देते? तारांमधली घरं मोठी आहेत, त्यामुळे उभ्या तारांना बाजूला सरकायला जागा मिळते. चेंडू तारांवर जेमतेम पाच मिलिसेकंद असतो. तेवढ्यात उभ्या तारा चेंडूसोबत सरकतात आणि झटक्यात परत जागेवर येतात. परत येताना त्या चेंडूला जादा फिरकी देऊन जातात. पण त्या बाजूला सरकण्यासाठी रॅकेट चेंडूच्या पाठीवरून खालून वर जायला हवी. सरळ पुढे जाणारी रॅकेट तारा सरकवतच नाही, मग घरं कितीही मोठी असोत. थोडक्यात, ही रॅकेट ब्रशला, म्हणजे या खालून वर घासण्याला, गुणते, आणि शून्याला कशानंही गुणलं तरी शून्यच.

दुसरी गोष्ट, चेंडू या रॅकेटवरून थोडा वरच्या कोनात सुटतो. टॉपस्पिन सर्व्हिसला हे हवंच असतं. नेट मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर आणि खांबांजवळ १०७ सेंटिमीटर उंच. चांगली टॉपस्पिन सर्व्हिस नेटच्या वरून दोन-तीन फूट अंतर राखून जाते आणि मग फिरकीमुळे झपकन खाली येते. सर्व्हिस बॉक्सची मागची रेघ नेटपासून फक्त ६.४० मीटरवर आहे, त्यामुळे फिरकी नसेल तर इतक्या उंचावरून गेलेला वेगवान चेंडू आत पडूच शकत नाही. सेकंड सर्व्हिसला टॉपस्पिन हवा तो यासाठीच. उसळी हा त्यावरचा बोनस.

याच गुणाची उलटी बाजू शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात दिसते. सपाट मारलेली सर्व्हिस प्युअर एरोवरून एक-दोन फूट लांब जाते. खेळाडू घाबरून हात आवरतो. हात मंदावला की ब्रश कमी होतो, ब्रश कमी झाला की चेंडू खाली येत नाही, आणि पुन्हा लांब जातो. दोष रॅकेटचा वाटतो, असतो हात आवरण्याचा. सेकंड सर्व्हिस म्हणजे पहिलीच पण हळू मारलेली, ही समजूत घट्ट असेल तर ही रॅकेट त्रास देणार. टॉपस्पिन सर्व्हिसमध्ये हात पहिल्या सर्व्हिसइतकाच जोरात फिरतो. फरक इतकाच की तो जोर पुढे न जाता वर जातो.

म्हणून रॅकेट घेण्याआधी स्वतःची सर्व्हिस एकदा तपासून पाहावी. सुरुवात ग्रिपपासून. रॅकेटची कड जमिनीला काटकोनात धरली, हातोडी धरतो तशी, की रॅकेटच्या मुठीचा वरचा सपाट पैलू पहिला. उजव्या हाताच्या खेळाडूसाठी त्याच्या उजवीकडचा तिरका पैलू दुसरा. तर्जनीच्या मुळाचं हाड या दुसऱ्या पैलूवर हवं. ही कॉन्टिनेंटल ग्रिप. टॉपस्पिनसाठी तिथून पहिल्या पैलूकडे अगदी थोडं सरकलं तर ब्रश सोपा जातो. फोरहँडची ग्रिप धरून कितीही वर्षं सर्व्हिस मारली तरी टॉपस्पिन यायचा नाही, कारण त्या ग्रिपमध्ये रॅकेटचं तोंड चेंडूसमोर आपोआप सपाट येतं. या रॅकेटच्या मुठीच्या कडा किंचित गोलसर आहेत, त्यावर ओव्हरग्रिप चढली की पैलू बोटांना चटकन सापडत नाहीत. ओव्हरग्रिपवर दुसऱ्या पैलूच्या जागी पेनानं रेघ मारून ठेवली तर दोन आठवड्यांत बोटांना सवय होते.

मग टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर फेकणं. टॉपस्पिन सर्व्हिस बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच, आणि त्यावर कुठल्याही रॅकेटकडे इलाज नाही. सपाट सर्व्हिसचा टॉस कोर्टाच्या आत दीड-दोन फूट असतो. टॉपस्पिनचा टॉस मागे आणि किंचित डावीकडे, साधारण कपाळाच्या वर. तपासायची पद्धत साधी : टॉस टाका, मारू नका, चेंडू पडू द्या. तो डाव्या बुटाच्या चवड्याजवळ, बेसलाइनवर किंवा वीतभर आत पडला पाहिजे. दहापैकी सात चेंडू तिथे पडत नसतील तर नव्या रॅकेटचे पैसे तूर्त खिशातच राहू द्यावेत. आणि टॉस डोक्याच्याही मागे जात असेल तर कंबर इतकी वाकते की महिन्याभरात पाठ बोलायला लागते.

टॉसच्या उंचीबद्दल एक बारकावा. चेंडू माथ्यावर थांबलेला असताना मारण्यापेक्षा फूटभर खाली आल्यावर मारला तर त्याचा फायदा होतो. फूटभर पडलेला चेंडू ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येत असतो. वर जाणारी रॅकेट आणि खाली येणारा चेंडू एकमेकांवरून घासले की फिरकी वाढते. तीन फूट खाली येईपर्यंत थांबू नये. तिथे चेंडूचा वेग इतका असतो की वेळ साधणं कठीण होतं.

मारण्याची दिशा सांगताना कोच घड्याळाची तबकडी वापरतात, आणि ती खरोखर कामाची आहे. पाठीमागून पाहिलं तर चेंडू म्हणजे तबकडी. उजव्या हाताच्या खेळाडूची रॅकेट सातकडून एककडे जायला हवी, म्हणजे डावीकडून खालून, उजवीकडे वर. छाती नेटकडे लवकर वळवायची नाही. खांद्याची बाजू नेटकडे ठेवून वर झेपावायचं. पाठीमागे रॅकेट सोडताना तिची कड चेंडूकडे असावी. तळहात आकाशाकडे करून ताट धरल्यासारखी रॅकेट आली, तर पुढे ब्रश नाही, थापच बसणार. चेंडू सुटल्यावर हात लगेच डाव्या मांडीकडे ओढू नये, आधी उजवीकडे वर जाऊ द्यावा. या फटक्यात बाजूची फिरकी थोडीफार असतेच. निव्वळ टॉपस्पिन सर्व्हिस प्रत्यक्षात कुणी मारत नाही.

हे जमत असेल, किंवा निम्मंअधिक जमत असेल, तर प्युअर एरो हातात आल्याबरोबर फरक जाणवतो. तो खरा आहे की मनाचा, हे मोजून पाहता येतं. डेमो रॅकेट मिळाली तर पुढचा प्रयोग करावा. नेटच्या दोन्ही बाजूंना दोन बांबू उभे करून सुतळी अशी ताणायची की ती मधल्या पट्ट्याच्या दोन फूट वर राहील, म्हणजे जमिनीपासून साधारण दीड मीटर. सर्व्हिस सुतळीवरून जाऊन बॉक्समध्ये पडायला हवी. समोरच्या कुंपणाच्या जाळीवर किंवा पडद्यावर छातीच्या उंचीला रंगीत फीत बांधायची आणि टप्प्यानंतर चेंडू फितीच्या वर लागतो की खाली, ते एकाला बघायला बसवायचं. जुन्या रॅकेटनं वीस, नव्यानं वीस. चेंडू तेच. आकडे वहीत लिहायचे. सुतळीवरून गेलेले पण बॉक्सबाहेर पडलेले चेंडू वेगळे मोजायचे, कारण नव्या रॅकेटमध्ये पहिल्या दिवशी तेच जास्त निघतात.

याच प्रयोगात रॅकेटची एक फसवी बाजूही उघडी पडते. मोठं डोकं आणि मोकळी रचना यांमुळे अर्धवट ब्रश केलेली सर्व्हिसही वळण घेऊन आत पडते, आणि खेळाडूला वाटतं टॉपस्पिन आला. बहुतेक वेळा तो स्लाइस, म्हणजे बाजूची फिरकी, असतो. ओळखायला टप्प्यानंतरची दिशा बघावी. उजव्या हातानं मारलेली सर्व्हिस टप्प्यानंतरही मारणाऱ्याच्या डावीकडेच निघून जात असेल तर तो स्लाइस. टप्प्यानंतर ती सरळ उंच उठली, किंवा हवेत डावीकडे जाऊन टप्प्यावर उजवीकडे फुटली, तर तो टॉपस्पिन आणि किक. २०११ची यूएस ओपन विजेती समांथा स्टोसर जी किक मारायची ती हीच. तिच्या जुन्या सामन्यांमध्ये रिटर्न करणाऱ्या खेळाडूंचे बॅकहँड खांद्याच्या वर गेलेले दिसतात. शंका असेल तर जुन्या चेंडूवर मार्करनं विषुववृत्तासारखी जाड रेघ काढावी आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बघावी. चेंडू पुढच्या बाजूला कोलांट्या खातोय की बाजूला भोवऱ्यासारखा फिरतोय, ते लगेच कळतं.

या फ्रेमबद्दल माझी खरी तक्रार जाडीची आहे. २६ मिलिमीटर जाडीची फ्रेम उभ्या ब्रशमध्ये आडवी येते. रॅकेट जितकी तिरकी वर जाईल तितकी चेंडूला तारांपर्यंत पोहोचायची फट अरुंद होते, आणि शिकणाऱ्याच्या हातून चेंडू फ्रेमच्या वरच्या कडेला लागून मागच्या कोर्टात उडतो. दहातले दोन-तीन असे गेले तर घाबरायचं कारण नाही, ब्रशची दिशा बरोबर असल्याची ती खूणही असते. पण तीन महिन्यांनंतरही तेवढेच जात असतील तर टॉस फार डावीकडे जातोय का ते बघावं. पातळ फ्रेमच्या रॅकेट्समध्ये हा त्रास कमी होतो, मात्र त्यांत फुकटची ताकद मिळत नाही.

दुसरी तक्रार कडकपणाची. फ्रेममध्ये जवसाच्या धाग्यांचा थर घालून कंप कमी केल्याचं कंपनी सांगते, आणि जुन्या एरोपेक्षा ही खरंच मऊ लागते. तरीही ही कडक फ्रेमच आहे. तिच्यावर कडक पॉलिएस्टर गटिंग, तेही ५७-५८ पौंडांवर ताणलेलं, आणि आठवड्याला दोनशे सर्व्हिस : कोपर दुखायचं गणित याहून सोपं नाही. टॉपस्पिन सर्व्हिस शिकताना खांदा आणि कोपर आधीच नवीन काम करत असतात.

त्यामुळे माझ्या मते या रॅकेटचं निम्मं परीक्षण म्हणजे तिच्यावरच्या गटिंगचं परीक्षण. बॅबोलॅटचं आरपीएम ब्लास्ट हे या फ्रेमवर सर्रास चढवलं जातं : काळं, अष्टकोनी कडांचं पॉलिएस्टर. फिरकी त्यातून उत्तम मिळते. फिरकी कडांमुळे मिळते असं सांगितलं जातं, पण जास्त काम गुळगुळीतपणा करतो. तारा एकमेकींवरून सहज सरकतात आणि परत येतात. फ्रेमसाठी सांगितलेलं टेन्शन, म्हणजे तारांचा ताण, २३ ते २७ किलो, म्हणजे साधारण ५० ते ५९ पौंड. पॉलिएस्टर लावायचं तर खालच्या टोकाला राहावं, ५० पौंडांच्या आसपास. शिकणाऱ्या प्रौढ खेळाडूला मी थेट पूर्ण पॉलिएस्टर सुचवणार नाही. हायब्रिड करावं : उभ्या १.२५ मिलिमीटरच्या पॉलिएस्टरच्या ५० पौंडांवर, आडव्या सिंथेटिक गटच्या (नायलॉनच्या मऊ तारेच्या) ५२ पौंडांवर. फिरकी थोडी कमी होते, पण हात वाचतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना पॉलिएस्टर नकोच. त्यांना सिंथेटिक गट किंवा मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची मऊ तार) पुरतं.

हायब्रिड करताना एक पाकीट दोन रॅकेट्सना पुरतं, कारण बारा मीटरच्या पाकिटातला अर्धा भागच लागतो. क्लबमध्ये दहा-पंधरा जण मिळून २०० मीटरचं रीळ घेतलं तर आणखी स्वस्त पडतं. गटिंग करणाऱ्याला उभ्या आणि आडव्या तारांचं टेन्शन वेगवेगळं, कागदावर लिहून द्यावं. तोंडी सांगितलेलं ५०-५२ नेमकं उलट लागण्याची शक्यता असते.

पॉलिएस्टरचं आयुष्य तुटण्यावर मोजू नये. ते तुटण्याच्या कितीतरी आधी मरतं. पहिल्या काही तासांतच टेन्शन उतरायला लागतं, आणि पंधरा-वीस तासांच्या खेळानंतर तारा परत येण्याचं काम सोडून देतात. नव्या गटिंगवर उभी तार अंगठ्यानं बाजूला ओढून सोडली तर ती टिक आवाज करून जागेवर बसते. जुन्या गटिंगवर तशीच वाकडी राहते, आणि दोन तारा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे नखाला खाच लागते. सर्व्हिस मारून झाल्यावर बोटांनी तारा सरळ करायची वेळ येत असेल तर गटिंग बदलायची वेळ झाली. आठवड्याला तीनदा खेळणाऱ्यानं हे चार-सहा आठवड्यांनी बघितलं पाहिजे. हा खर्च वर्षभराचा हिशेब करून रॅकेटच्या किमतीत धरावा. तो परवडत नसेल तर थोडी स्वस्त रॅकेट आणि वेळेवर गटिंग हा व्यवहार जास्त शहाणपणाचा. गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवू नये, एप्रिल-मेच्या उन्हात तर मुळीच नाही. उष्णतेनं टेन्शन भराभर उतरतं.

चेंडूंचंही तेच. लव उडालेला गुळगुळीत चेंडू तारांवरून घसरतो, त्याला फिरकी पकडतच नाही, आणि दाब गेलेला चेंडू उसळत नाही. सरावाच्या टोपलीत असेच चेंडू असतात आणि खेळाडू मात्र किक का बसत नाही म्हणून हात बदलत बसतो. दीड मीटर उंचीवरून कडक कोर्टावर सोडलेला चेंडू साधारण ८० सेंटिमीटरपर्यंत उसळला पाहिजे. पावसाळ्यात दमट कोर्टावर चेंडू जड होतो. त्या दिवसांत उसळीवरून सर्व्हिसची परीक्षा करू नये, फक्त सुतळीचा आकडा मोजावा.

शिकण्याचा क्रम या रॅकेटनंही तोच राहतो. आधी कुंपणाच्या जाळीजवळ उभं राहून चेंडू रॅकेटनं जाळीवर दाबून वरच्या दिशेनं लोळवायचा, मनगट आणि कोपराखालचा हात काय करतो ते कळण्यासाठी. मग सर्व्हिस लाइनवरून, मूठ दोन इंच वर पकडून, अर्ध्या अंतरावर. मग बेसलाइनवर चटई टाकून गुडघ्यांवर बसून : खाली बसलं की पुढे मारून नेट ओलांडताच येत नाही, वर मारावंच लागतं. हा सराव प्युअर एरोवर विशेष चांगला बसतो, कारण वर सुटणारा चेंडू नेट सहज पार करतो आणि धीर येतो. प्रत्येक टप्पा एका दिवशी तीस-चाळीस चेंडूंपेक्षा जास्त नको. खांदा दमला की टॉस खाली येतो आणि चुकीचीच सवय लागते.

आता कोणती घ्यावी. मनगट आणि खांदा मजबूत असलेल्या प्रौढासाठी ३०० ग्रॅमची मूळ प्युअर एरो. स्त्रिया, पंधरा-सोळा वर्षांची मुलं आणि चाळिशीनंतर खेळ सुरू केलेले यांच्यासाठी २८५ ग्रॅमची प्युअर एरो टीम ही हलकी आवृत्ती. हात जोरात फिरणं हा टॉपस्पिनचा प्राण आहे, आणि पाच गेमनंतर ३०० ग्रॅम फिरवताना हात मंदावणार असेल तर जड रॅकेटचा उपयोग शून्य. २७० ग्रॅमची लाइट मात्र समोरून जोरात आलेल्या चेंडूला डगमगते. अर्धा इंच लांब असलेली प्लस सर्व्हिसला उंची देते, पण टॉस अजून पक्का नसलेल्याला ती फिरवायला जड जाते. अल्काराझ वापरतो त्या ९८ चौरस इंचाच्या, १६ बाय २० रचनेच्या आणि ३०५ ग्रॅमच्या रॅकेटचा मोह शिकणाऱ्यानं टाळावा. मधोमध न लागलेला चेंडू ती माफ करत नाही.

घेताना रॅकेट गटिंगशिवाय मागावी आणि स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलावी. एकाच मॉडेलच्या दोन रॅकेट्समध्ये काही ग्रॅमचा फरक नेहमीचाच असतो. जोडी घेणाऱ्यांनी तर दोन्ही तोलूनच घ्याव्यात. मग पट्टीच्या कडेवर आडवी ठेवून मुठीच्या टोकापासून ३२ सेंटिमीटरवर ती तोल सांभाळते का ते बघावं. मुठीच्या जाडीच्या, म्हणजे ग्रिपच्या, २ आणि ३ नंबरमध्ये घोळ होत असेल तर २ घ्यावी. जाड मुठीत कोपराखालचा हात मोकळा फिरत नाही, ओव्हरग्रिपनं मूठ वाढवता येते, पण कमी करता येत नाही.